कॉलेज फुटबॉल: मॅच न खेळता नंबर कसा हलतो?

मीनल_कोलंबस

नमस्कार मंडळी. आम्हाला कोलंबस, ओहायोत येऊन तीन वर्षं झाली. इथे शनिवारी किराणा आणायला निघायचं तर आधी मॅच किती वाजता आहे ते बघावं लागतं, हे शहाणपण पहिल्याच सप्टेंबरात आलं. नवरा आणि चिरंजीव (वय १४) आता पक्के ओहायो स्टेटवाले झालेत. मला खेळ अजून अर्धाच कळतो, पण एका गोष्टीने डोक्याचा भुगा केलाय.

२०२४ च्या मोसमात वरच्या गटात १३४ कॉलेजं होती. प्रत्येकाच्या नेहमीच्या मॅचेस बारा, म्हणजे सगळ्या मिळून साधारण ८००. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं ठरवलं तर ८,९११ लागतील. म्हणजे दहातल्या नऊ जोड्या एकमेकांसमोर येतच नाहीत! तरी दर आठवड्याला पहिला ते शेवटचा अशी यादी लागते आणि लोक तिच्यावरून ऑफिसात हमरीतुमरीवर येतात. त्यातून परवा लेकाने दाखवलं की आमच्या संघाला सुट्टी होती, त्या आठवड्यातही एका संगणकी यादीत त्याचा आकडा हलला. घरी बसून!

तर हे संगणक नक्की काय मोजतात? गणित बारावीपर्यंत झालंय, त्या बेताने सांगा.

तिरकस_तात्या

घरी बसून नंबर वर जाणं आमच्या ऑफिसात दर एप्रिलला होतं. त्याला अप्रेझल म्हणतात.

ऋत्विक_कोथरूड

आधी हातात धरून पळायच्या खेळाला फुटबॉल का म्हणतात ते सांगा. मग पुढचं. (पळतो)

अवांतरकर

आला का हा. अमेरिकन फुटबॉलचा धागा आणि हा प्रश्न, म्हणजे सत्यनारायण आणि शिरा.

गणितमास्तर

मीनलताई, प्रश्न फार चांगला विचारलात. रुमाल टाकून ठेवला होता, आता सविस्तर लिहितो.

सगळ्यात सोपी पद्धत वेस्ली कॉलीची. हा गृहस्थ मूळचा खगोलभौतिकीतला. फुटबॉल बाजूला ठेवू, कॅरम घेऊ. अण्णा, बंडू, चिंतू, दिनू असे चौघे. कुणी काहीच खेळलेलं नाही तेव्हा प्रत्येकाला अर्धा गुण. कुणाला चांगलं म्हणायला आधार नाही, वाईट म्हणायलाही नाही. नंतर साधा नियम: जिंकलेले डाव अधिक १, भागिले एकूण डाव अधिक २. एक खेळून एक जिंकला तर दोन तृतीयांश, हरला तर एक तृतीयांश. एकाच विजयावर कुणाला शंभर टक्के मिळत नाहीत, हे या नियमातलं शहाणपण. त्याचा उगम लाप्लासपर्यंत जातो.

आता समोर कोण होता ते धरायचं. अण्णाने बंडूला हरवलं, बंडूने चिंतूला, आणि दिनूनेही चिंतूला. अण्णा आणि दिनू दोघेही एकात एक. पण अण्णाने ज्याला हरवलं त्याने निदान कुणाला तरी हरवलंय, दिनूने ज्याला हरवलं तो सगळ्यांशी हरलाय. मग प्रत्येकाचा आकडा असा काढायचा: विजय-पराजयाच्या फरकाचा अर्धा, अधिक प्रतिस्पर्ध्यांच्या आकड्यांची बेरीज, अधिक १, आणि या सगळ्याला भागिले एकूण डाव अधिक २. गोची अशी की बंडूचा आकडा अण्णावर अवलंबून आणि अण्णाचा बंडूवर. म्हणून चार समीकरणं एकदम सोडवायची. ती सोडवली की अण्णा ०.६६, दिनू ०.५९, बंडू ०.४८, चिंतू ०.२७.

आता दिनू-चिंतूचा डाव वहीतून खोडा आणि पुन्हा सोडवा. अण्णा होतो ०.६७. त्या डावात अण्णा होता का? नव्हता. पण दिनूने चिंतूला हरवल्यावर चिंतू आणखी कच्चा ठरतो, म्हणून चिंतूवरचा बंडूचा विजय हलका होतो, म्हणून बंडूवरचा अण्णाचा. तुमचा संघ घरी बसून हलला तो असा. चारांच्या जागी १३४ समीकरणं, एवढाच फरक.

मीनल_कोलंबस

मास्तर, कागद घेऊन बसले आणि अण्णाचा ०.६६ खरंच आला! लेक शेजारी बसून "आई, हे एक्सेलमध्ये होईल" म्हणतोय.

नाना_लिंकन

मी नेब्रास्कात १९९८ पासून. या विषयावर आमच्या गावाचं रक्त सांडलेलं आहे, तेव्हा थोडं लांबण लावतो.

तेव्हा बीसीएस नावाची व्यवस्था होती, १९९८ ते २०१३. राष्ट्रीय अंतिम सामन्यात कोणते दोन संघ खेळणार ते एका सूत्राने ठरायचं. पत्रकारांची आणि प्रशिक्षकांची मतं, त्यात संगणकांच्या याद्या मिसळायच्या. २००१ साली आम्ही सलग अकरा जिंकलो. थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार, २३ नोव्हेंबर, मॅच कोलोरॅडोशी बोल्डरला. आमच्या घरी चार मराठी कुटुंबं, बायकोने मिसळ केली होती. हाफटाइमला लोक टीव्हीकडे पाठ करून मिसळ खात होते. ६२-३६ ने हरलो. पाहुण्यांतले एक काका "आता पुढच्या वर्षी" म्हणत कोट घालून निघाले.

आणि दोन आठवड्यांनी यादी लागली तर आम्ही दुसरे! नेब्रास्का ७.२३, कोलोरॅडो ७.२८, कमी गुण तो वर. पाच शतांशाने ज्यांच्याकडून धुतले गेलो त्यांच्याच पुढे. दोन्ही मतचाचण्यांत दुसरा असलेला ओरेगॉन चौथा. आम्ही फायनलला रोझ बोलला गेलो आणि मायामीने ३७-१४ ने घरी पाठवलं. ओरेगॉनने तिकडे कोलोरॅडोला ३८-१६ ने लोळवलं. देशभर शिव्या संगणकाला.

पण मी अजून म्हणतो, संगणक खोटं बोलला नाही. आमचा पराभव एक, कोलोरॅडोचे दोन. फ्रेस्नो स्टेटकडून हरलेले ते, मोसमाच्या पहिल्याच मॅचला. माणसांना शेवटची मॅच आठवते. यंत्राला ऑगस्टही नोव्हेंबरइतकाच लख्ख आठवतो.

डेटावाली

नाना, आदर आहे, पण नेब्रास्काप्रेम जरा बाजूला ठेवा. :) ऑगस्ट आणि नोव्हेंबर सारखेच मोजायचे हेसुद्धा कुणीतरी माणसानेच ठरवलं ना? काही सूत्रं ताज्या मॅचला जास्त वजन द्यायची. ते एक मत, हे दुसरं. संगणक म्हणजे सूत्र लिहिणाऱ्याचं मत, फक्त ते सगळ्यांना सारखं लावलं जातं.

आणि गुणांच्या फरकाचं काय? ६२-३६ आणि २४-२२ हे दोन्ही नुसते "पराभव"? केनेथ मॅसीने कॉलेजात प्रबंधच यावर लिहिला: दोन संघांच्या रेटिंगमधला फरक म्हणजे त्यांच्या मॅचमधला गुणांचा अपेक्षित फरक. सगळ्या मॅचेस एका रेटिंगसंचात तंतोतंत बसणार नाहीतच, मग एकूण चूक कमीत कमी होईल असे आकडे शोधायचे. वर घरच्या मैदानाचे अडीच-तीन गुण. पुढच्या मॅचचा अंदाज बांधायचा तर हेच जास्त कामाचं. एका गुणाने जिंकणारे पुष्कळदा नुसते नशीबवान असतात.

ढाण्या_ह्यूस्टन

फरक मोजायला लागलात तर कोच ४५-० वर असतानाही चौथ्या क्वार्टरमध्ये पहिल्या फळीचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) खेळवत ठेवतो. समोरच्या पोरांची हाडं मोडतात त्याचं काय?

डेटावाली

बरोबर, आणि बीसीएसने नेमकं याच भीतीने २००२ पासून फरक मोजायला बंदीच घातली. दोन जणांनी सूत्र बदलायला नकार दिला, त्यांच्या याद्या काढून टाकल्या. जेफ सॅगरिनने वेगळा मार्ग काढला. तो दोन आकडे छापायचा: एक फक्त हार-जीत बघणारा, बीसीएससाठी, आणि दुसरा गुण धरणारा, अंदाजासाठी. म्हणजे चांगलं औषध कपाटात आणि रोग्याला गोडगोळी.

भीतीवर उपाय होता. विसाच्या वरचा फरक धरायचाच नाही, किंवा दहावरून वीसला थोडं, तिसाला आणखी थोडं असं आवळत न्यायचं. मोजणंच बंद करायची गरज नव्हती.

ढाण्या_ह्यूस्टन

विसावर आवळलं तर कोच वीस होईपर्यंत मारेल. माझा मुद्दा जागच्या जागी आहे.

प्राची_सीईटी_पीडित

अवांतर होतंय, पण कॉलीचं वाचून मला सीईटी आठवली. वेगवेगळ्या सत्रांत वेगवेगळे पेपर आणि मग पर्सेंटाइल. माझ्या बहिणीचं सत्र अवघड होतं असं ती आजही शपथेवर सांगते. समोर कोण होतं यावर नंबर ठरण्याचं दुःख आमच्या घरात पाच वर्षं जुनं आहे.

गणितमास्तर

प्राची, तिथे निदान प्रत्येक सत्रात हजारो मुलं असतात, आणि ती साधारण सारखीच वाटली गेली असं धरता येतं. इथे ते धरता येत नाही. हे संघ कॉन्फरन्समध्ये, म्हणजे ठरावीक गटांत, वाटलेले. बिग टेनमध्ये (नावावर जाऊ नका) अठरा संघ आहेत, आपसात नऊ-नऊ मॅचेस. बाहेरच्यांशी उरल्या तीन. म्हणजे बिग टेन आणि एसईसी (दक्षिणेकडच्या कॉलेजांची कॉन्फरन्स) या दोन बेटांमध्ये मोजके पूल, आणि "कुठलं बेट उंच" ते या पुलांवरून ठरायचं. सप्टेंबरातल्या एखाद्या पुलावर कुणी फंबल केला (चेंडू हातून सुटला) की अख्खं बेट दोन इंच खाली.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत तर काही बेटांना पूलच नसतो. म्हणून बीसीएसची पहिली यादी ऑक्टोबरच्या मध्यावर यायची. त्याआधी आकडे हवे असतील तर गेल्या वर्षीची पुण्याई उसनी घ्यावी लागते. बिलिंग्जली नावाचे एक गृहस्थ तसंच करायचे, आणि त्यावरून टीकाही व्हायची.

सोंगटी

बुद्धिबळात हेच एलो रेटिंग करतं ना? दोनशे गुणांचा फरक म्हणजे वरच्याने शंभरातले साधारण ७६ मिळवायचे. कमी मिळाले तर कापले, जास्त मिळाले तर वाढले. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ चा महिला विश्वचषक जिंकली तेव्हा आपल्यापेक्षा वरच्या रेटिंगवाल्यांना हरवत गेली, म्हणून त्या विजयांचं मोल जास्त.

गणितमास्तर

तेच तत्त्व. पण बुद्धिबळपटूचे डाव वर्षानुवर्षं साठतात. इथे पोरं चार-पाच वर्षांत बाहेर, आणि हातात बारा मॅचेस. एलोला स्थिरावायला तेवढं पुरत नाही, म्हणून सगळा मोसम एकदम सोडवणाऱ्या पद्धती बऱ्या.

तिरकस_तात्या

नाना, मिसळ नेब्रास्कात? फरसाण कुठलं? बाकी गणित नंतर.

नाना_लिंकन

ओमाहाच्या देशी दुकानातलं. नरम पडलेलं होतं. त्या दिवशी सगळंच नरम होतं.

उसगावची_मावशी

मला एक सांगा, हे सूत्र कुणी तपासत होतं का? नवरा म्हणतो सहातल्या पाच जणांनी आपली रेसिपी कुणाला दाखवलीच नव्हती.

डेटावाली

मावशी, खरं आहे. शेवटच्या काळात सहा संगणक होते: अँडरसन-हेस्टर, बिलिंग्जली, कॉली, मॅसी, सॅगरिन, वुल्फ. प्रत्येक संघाचा सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट नंबर टाकून उरलेल्या चारांची सरासरी घ्यायची, आणि एकूण सूत्रात तिला एक तृतीयांश वजन. कोट्यवधी डॉलर ज्याच्यावर ठरायचे ते गणित लोक आपापल्या घरी करत होते. पीटर वुल्फ तर पेशाने संसर्गजन्य रोगांचे डॉक्टर! पूर्ण पद्धत जगासमोर मांडलेला एकटा कॉली.

आणि चूक सापडली ती त्याचीच. डिसेंबर २०१०. जेरी पाम नावाच्या पत्रकाराने कॉलीचं गणित स्वतः करून पाहिलं आणि उत्तर जुळेना. शोधल्यावर कळलं, एक निकाल भरायचाच राहिला होता: ॲपलाचियन स्टेट विरुद्ध वेस्टर्न इलिनॉय. दोन्ही खालच्या गटातले, प्लेऑफची मॅच. ती घातल्याबरोबर बीसीएसच्या यादीत एलएसयू (लुइझियाना स्टेट) दहाव्यावरून अकराव्यावर आणि बॉइझी स्टेट अकराव्यावरून दहाव्यावर. दोघांचाही त्या मॅचशी काडीचा संबंध नाही. मास्तरांचा अण्णा आठवा.

बाकी पाचांत चुका नव्हत्या असं नाही. तिथे कुणी डोकावूच शकत नव्हतं.

मीनल_कोलंबस

बाई गं. हे चिरंजीवांना वाचून दाखवलं. तो म्हणतो, मग आता माणसांची समिती आणली ते बरंच झालं. नवरा म्हणतो, वाटोळं झालं. स्वयंपाकघरात वातावरण तापलंय.

नाना_लिंकन

समितीचं मी सांगतो. सूत्र का गेलं? कारण दर वादानंतर लोक त्यात ठिगळ लावत गेले. २००० साली मायामीने फ्लोरिडा स्टेटला हरवलेलं असताना फायनलला गेली फ्लोरिडा स्टेट. मग चांगल्या विजयाला बक्षीस असं एक ठिगळ. आमच्यानंतर गुणांच्या फरकावर बंदी. २००३ मध्ये कळस झाला. यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया) दोन्ही मतचाचण्यांत पहिला, आणि फायनलला गेले ओक्लाहोमा आणि एलएसयू. ओक्लाहोमा तर स्वतःच्या कॉन्फरन्सच्या फायनलला ३५-७ ने हरून आलेला! एलएसयू जिंकला, पत्रकारांनी यूएससीला विजेता केलं, त्या वर्षी दोन राजे. पुढच्या वर्षी सूत्रात माणसांची मतं दोन तृतीयांश करून टाकली. म्हणजे संगणक माणसांशी सहमत असेल तोवर ठीक, नसेल तर त्याचा पगार कापा.

ढाण्या_ह्यूस्टन

आणि २०१४ पासून तेरा जणांची समिती. एखाद्याच्या स्वतःच्या कॉलेजचा विषय निघाला की त्याने खोलीबाहेर जायचं. जेतेपदाच्या बाद फेरीसाठी चार संघ निवडायचे, २०२४ पासून बारा. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट तेराच्या तेरा जिंकून बाहेर, कारण त्यांचा क्वार्टरबॅक जखमी. नुसती हार-जीत मोजणाऱ्या कुठल्या संगणकाला त्याचा पाय मोडल्याचं कळलं असतं का?

डेटावाली

ढाण्या, इथेच मीनलताईंच्या प्रश्नाचं मूळ आहे असं मला वाटतं. प्रश्न दोन आहेत आणि आपण दोन्हींना रँकिंगच म्हणतो. एक, उद्या मैदानात उतरले तर कोण जिंकेल. दोन, आजवर जे केलं त्यावर हक्क कुणाचा. तेरा विजयांचा हक्क फ्लोरिडा स्टेटचा होता. उद्याच्या मॅचचा अंदाज त्यांच्याऐवजी घेतलेल्या अलाबामाच्या बाजूने होता. समितीने त्या वर्षी पहिला प्रश्न निवडला. पुढच्याच वर्षी उलट: दोन हरलेली एसएमयू (सदर्न मेथडिस्ट) आत, तीन हरलेली अलाबामा बाहेर, अंदाज बांधणाऱ्या याद्यांत अलाबामा वर असूनही. तिथे हक्क मोजला.

संगणकाचं बरं असतं, कुठला प्रश्न सोडवतोय ते आधी लिहून द्यावं लागतं. हक्काचाही हिशोब होतो: याच बारा मॅचेस वरच्या पंचविसातल्या एखाद्या सरासरी संघाला दिल्या, तर इतकं जिंकणं त्याला कितपत जमलं असतं? जितकं कठीण तितका तुमचा हक्क मोठा. तेरा माणसं मात्र मंगळवारी एक प्रश्न सोडवतात आणि पुढच्या मंगळवारी दुसरा.

ढाण्या_ह्यूस्टन

त्या फ्लोरिडा स्टेटने नंतर ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाकडून ६३-३ ने मार खाल्ला, हे सोयीस्करपणे विसरलात.

डेटावाली

निम्मा संघ उतरलाच नव्हता हो. आणि एसएमयूनेही पेन स्टेटकडून ३८-१० ने खाल्ला, अलाबामा मिशिगनकडून १९-१३ ने हरली. निकालावरून निवड तपासायची म्हटलं तर कुणालाच पाठवायला नको होतं.

ऋत्विक_कोथरूड

मी हसायला आलो होतो आणि आता रात्री दोन वाजता चार समीकरणं सोडवतोय. दिनूचा ०.५९ आला. चिंतूबद्दल वाईट वाटतंय.

उसगावची_मावशी

चिंतूला मंडळाच्या पिकनिकला बोलवा कुणीतरी.

मीनल_कोलंबस

धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं घडलंय.

शनिवारी आमच्या मंडळाची कॅरम स्पर्धा होती. अकरा जण, हॉल फक्त पाचपर्यंत, त्यामुळे सगळ्यांचे सगळ्यांशी डाव झालेच नाहीत. सेमीफायनलला चार कोण यावरून कुरबुर सुरू झाली, तर चिरंजीवांनी लॅपटॉप उघडला. कॉलीची पद्धत, अकरा समीकरणं. नवरा चौथा! स्वारी खूश, बोटांना पावडर लावून तयार.

तेवढ्यात चहाच्या टेबलावरून एक कागदी प्लेट मिळाली. तिच्या पाठीवर पेनने एका डावाचा निकाल लिहिलेला, वर उपम्याचा डाग. दोन काकूंचा, दोघीही तळाच्या. लेकाने मुकाट्याने भरला. नवरा पाचवा.

"मी तर तेव्हा खेळतही नव्हतो!" हे तो पंधरा मिनिटं सगळ्यांना सांगत होता. लेकाने मोबाइलवर हाच धागा काढून त्याच्यासमोर धरला.

गणितमास्तर

ती प्लेट फेकू नका. आमच्या वर्गात दाखवायला हवी.

डेटावाली

किती सोंगट्यांनी जिंकलं ते धरलं असतं तर कदाचित वाचले असते ते. एवढंच म्हणते.

ढाण्या_ह्यूस्टन

धरलं असतं तर काकूंनी डाव जिंकल्यावरही खेळ थांबवला नसता.

मीनल_कोलंबस

नवऱ्याची आता लेखी मागणी आहे की पुढच्या वर्षी संगणक नको, तेरा जणांची समिती नेमा. मंडळात कॅरम खेळणारे अकराच आहेत.